पाणी वाचवण्याचा हिशेब फक्त घरच्या नळाकडेच का मागायचा?

रामबागकर

उन्हाळा तोंडावर आला की इंदुरात पाणी वाचवण्याची आवाहने सुरू होतात. अंगण धुऊ नका, गाडी पाइपने धुऊ नका, गच्चीवरची टाकी वाहू देऊ नका. ही आवाहने रास्त आहेत आणि प्रत्येकाने ती पाळलीच पाहिजेत, कारण आपल्या नळाला येणारे नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर अंतर कापून आणि विंध्याचा जवळजवळ अर्ध्या किलोमीटरचा चढ चढून येते. ते मिळावे म्हणून १९७० साली हे शहर रस्त्यावर उतरले, प्रत्यक्ष पाणी १९७८ मध्ये आले, आणि ते वर चढवण्याच्या विजेचा भार हलका व्हावा यासाठी महापालिकेने २०२३ मध्ये जलूद परिसरातील ६० मेगावॉटच्या सौर प्रकल्पाकरिता २४४ कोटी रुपयांचे हरित रोखे, म्हणजे पर्यावरणपूरक कामासाठीचे कर्जरोखे, काढले. इतक्या सायासाने वर आलेले पाणी वाया घालवणे हा अपराधच आहे.

माझा आक्षेप असा की बचतीचे कर्तव्य आपण केवळ घरापुरते ठेवले आहे. संगणकांची जी प्रचंड गोदामे, म्हणजे डेटा सेंटरे, देशभर उभी राहत आहेत आणि ज्यांना आपले राज्यही सवलती देऊन बोलावत आहे, ती किती पाणी पितात हे कोणी विचारत नाही. गूगलने स्वतःच्या पर्यावरण अहवालात दिलेल्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये तिच्या जगभरातील डेटा सेंटरांनी सुमारे ६१० कोटी गॅलन, म्हणजे २,३०० कोटी लिटर पाणी खर्च केले. आदल्या वर्षापेक्षा हे प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी जास्त होते. शहरी माणसासाठी दिवसाला १३५ लिटर हे जे माप आपल्याकडे धरले जाते, त्या मापाने हे सुमारे पावणेपाच लाख माणसांचे वर्षभराचे पाणी झाले.

यातही एक मोठा फरक लक्षात घ्यायला हवा. घरात वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के सांडपाणी म्हणून परत मिळते आणि ते शुद्ध करता येते. कूलिंग टॉवरमध्ये मात्र यंत्रांची उष्णता घालवण्यासाठी पाण्याची वाफच केली जाते, आणि ती वाफ आपल्या नाल्यात, नदीत किंवा विहिरीत परत येत नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की ज्या प्रकल्पाला जमीन आणि पाणी दिले जाईल, त्याचा महिनावार पाणीवापर लोकांसमोर ठेवण्याची अट आधी घालावी आणि मगच नागरिकांना काटकसरीचे धडे द्यावेत.

सुपर कॉरिडॉर

रामबागकरजी, मी याच क्षेत्रात काम करते, त्यामुळे थोडे स्पष्ट लिहिते. आपण दिलेले आकडे खरे आहेत, परंतु ते ज्या आकड्यांशेजारी ठेवायला हवेत, ते आपण दिलेले नाहीत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये अंदाज मांडला की डेटा सेंटरांत चालणारे जीपीटी-३ हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रारूप शिकवताना अमेरिकेतील डेटा सेंटरांत सुमारे सात लाख लिटर पाण्याची वाफ झाली असावी. हा आकडा ऐकून लोक हादरतात. माळव्यातल्या एक हेक्टर गव्हाला एका पाळीत सहा ते सात सेंटीमीटर पाणी दिले, तर ते सहा ते सात लाख लिटर होते, आणि अशा चार-पाच पाळ्या द्याव्या लागतात. गूगलचे जगभराचे ते २,३०० कोटी लिटर म्हणजे सुमारे सात हजार हेक्टर गव्हाचे एका हंगामाचे पाणी. एकट्या इंदूर जिल्ह्यातला गव्हाचा पेरा याच्या कितीतरी पट आहे. देशात वापरल्या जाणाऱ्या पाण्यापैकी चार-पंचमांशाच्या आसपास पाणी सिंचनाला जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले की तिच्या जेमिनी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सहायकाला विचारलेल्या एका सर्वसाधारण लेखी प्रश्नामागे सुमारे ०.२६ मिलिलिटर, म्हणजे पाचएक थेंब पाणी लागते.

याउलट, आपल्या स्वयंपाकघरातले साधे आरओ यंत्र एक लिटर पिण्याच्या पाण्यासाठी दोन-तीन लिटर पाणी सहज मोरीत सोडते. ज्या पाण्यात क्षारांचे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमहून कमी आहे, तिथे आरओ वापरण्यावर बंदी घालावी असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्येच सांगितले होते. नर्मदेच्या गोड्या पाण्यावर घरोघरी ही यंत्रे चालू असताना, दूरच्या संगणकाला दोष देणे सोपे आहे एवढेच मी म्हणेन. लोकांचे लक्ष थेंबांकडे वळले की पाटाकडे पाहायचे राहून जाते.

सांवेरकर

शेतीचे नाव आले म्हणून लिहितो. ठिबक आणि तुषार सिंचन वाढायला हवे आणि रात्रभर मोटार चालू ठेवून वाफे भरण्याची सवय सुटायला हवी, याबद्दल माझे दुमत नाही. पण आपल्या तुलनेत दोन गोष्टी सुटल्या आहेत. पहिली अशी की गव्हाच्या पाण्यातून अन्न मिळते, आणि जमिनीत मुरलेला त्याचा काही भाग विहिरीला परत येतो. दुसरी अधिक महत्त्वाची. पाण्याची टंचाई जगाच्या किंवा देशाच्या सरासरीवर कधीच येत नाही. ती एका खोऱ्यात, एका गावात आणि वर्षातल्या ठरावीक महिन्यांत येते.

अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात द डॅल्स नावाचे लहान शहर आहे. तिथल्या गूगलच्या डेटा सेंटरांना किती पाणी जाते हे एका वृत्तपत्राने विचारले, तेव्हा ते व्यापारी गुपित आहे असे सांगून नगरपालिकाच न्यायालयात गेली. वर्षभराहून अधिक चाललेला तो दावा २०२२ च्या अखेरीस मिटला आणि आकडा बाहेर आला : २०२१ मध्ये ३५ कोटी ५० लाख गॅलन, म्हणजे सुमारे १३४ कोटी लिटर. त्या शहराच्या एकूण पाण्याच्या चतुर्थांशाहून तो जास्त होता. आता सात हजार हेक्टरांचा हिशेब तिथल्या रहिवाशाला सांगून काय उपयोग?

आपल्याकडे तर एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडी असते. बाष्पीभवनाने थंड करण्याची पद्धत नेमक्या त्याच दिवसांत सर्वाधिक पाणी ओढते. त्याच दिवसांत जिल्हा प्रशासनाला १९८६ च्या पेयजल परिरक्षण कायद्याखाली नवीन बोअर खोदण्यावर बंदी घालावी लागते. इथला खडक काळा बसाल्ट आहे. त्यात पाणी भेगांमध्ये जेवढे साठते तेवढेच, आणि इंदूरचे भूजल अतिउपशाच्या वर्गात आधीच गेलेले आहे.

वैशालीनगर

दोन्ही बाजूंचे आकडे वाचले. मला मात्र आपल्या वृत्तीविषयी काळजी वाटते आणि ती मोकळेपणाने मांडते. या शहरात बहुतांश घरांना पाण्याचे मीटर नाही; महिन्याची ठरावीक रक्कम भरली की कितीही वापरा. नर्मदा एक दिवसाआड येते, म्हणून घरोघरी जमिनीखाली हौद बांधलेले आहेत, आणि नव्या पाण्याचा दिवस आला की उरलेले जुने पाणी ‘शिळे’ म्हणून सर्रास ओतून देतात. ज्यांच्याकडे हौदही नाही आणि नळही नाही, त्या वस्तीतल्या बायका टँकरपुढे रांग लावतात. मार्च २०२४ मध्ये बेंगळुरूला पिण्याच्या पाण्याने गाडी धुणाऱ्यास ५,००० रुपये दंड जाहीर करावा लागला. तशी वेळ येण्याची वाट आपण का पाहावी?

आणि जुन्या विहिरी व बावड्यांचे आपण काय केले, तेही सांगायला हवे. नळ आला तशी त्यांची गरज संपली असे मानून आपण त्यांच्यावर फरशा टाकल्या, बांधकामे केली. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, बेलेश्वर महादेव मंदिरात अशाच झाकलेल्या बावडीवरचा स्लॅब कोसळून ३६ जणांचा जीव गेला. अहिल्यादेवींनी ठिकठिकाणी विहिरी आणि घाट बांधले, त्यांच्या शहरात हे घडले. म्हणून ‘आधी कंपन्यांचा हिशेब, मगच आमचा’ ही रामबागकरांची मांडणी मला धोकादायक वाटते. दुसऱ्याचा हिशेब येईपर्यंत आपली मोरी वाहती ठेवण्याची ती परवानगी ठरेल.

सुपर कॉरिडॉर

सांवेरकरांचा खोऱ्याचा आणि महिन्यांचा मुद्दा योग्य आहे. जागा निवडताना तोच पहिला निकष असला पाहिजे. पण उपाय नाहीत असे नाही. बंद नळ्यांतून तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरवणारी, थंड करण्यासाठी वाफ न करणारी रचना मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये जाहीर केली असून तिच्यामुळे एका केंद्रामागे वर्षाला साडेबारा कोटी लिटरहून अधिक पाणी वाचेल असे ती कंपनी म्हणते. अर्थात अशा पद्धतीत वीज बहुधा जास्त लागते, आणि ती कोळशाची असेल तर पाण्याचा खर्च वीजकेंद्रात होतो. २०१५ च्या केंद्रीय नियमानुसार जुन्या औष्णिक केंद्रांना एका युनिटमागे साडेतीन लिटरपर्यंत पाणी वापरायची मुभा आहे. म्हणून कंपनीने ‘शून्य पाणी’ म्हटले तर तिची वीज कुठून येते हेही विचारायला हवे.

दुसरा मार्ग सांडपाण्याचा. चेन्नईत कोयंबेडू आणि कोडुंगैयूर येथे दिवसाला प्रत्येकी साडेचार कोटी लिटर सांडपाणी आरओपर्यंतच्या टप्प्यांनी शुद्ध करून २०१९ पासून कारखान्यांना दिले जाते. इंदूरला तर २०२१ मध्ये देशातील पहिले ‘वॉटर प्लस’ शहर, म्हणजे सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदीनाल्यांत न सोडणारे शहर, म्हणून मान मिळाला आहे आणि कबीटखेडीला शुद्धीकरणाची मोठी व्यवस्था आहे. तेच पाणी डेटा सेंटरांना बंधनकारक करा, म्हणजे नर्मदेला हात लावावा लागणार नाही.

सांवेरकर

शुद्ध केलेले पाणी कोणाचेच नाही असे शहरात गृहीत धरले जाते. ते कान्ह नदीत सोडले जाते, कान्ह आमच्या सांवेरच्या शिवारातून पुढे क्षिप्रेला मिळते, आणि उन्हाळ्यात नदीत जो काही प्रवाह दिसतो तो बहुतांशी त्याच पाण्याचा असतो. त्यावर काठची शेते भिजतात. ते पाणी वाटायचे असेल तर खालच्या गावांना विचारून वाटावे.

रामबागकर

वैशालीनगर ताईंनी माझ्या शेवटच्या वाक्यावर घेतलेल्या हरकतीला उत्तर देतो. घरांनी थांबावे असे मला सुचवायचे नाही. घरांना मीटर लावा, मी पहिला अर्ज करीन, आणि जास्त वापरणाऱ्याला जास्त दर लावा. पण मीटर लावण्याची सुरुवात मोठ्या ग्राहकापासून झाली पाहिजे, कारण एका मोठ्या जोडणीवर मीटर लावून त्याचा आकडा जाहीर करणे हे लाखो घरांच्या मानाने काही दिवसांचे काम आहे. लोक कोणाचे पाहून शिकतात हेही महत्त्वाचे आहे. मोठ्या ग्राहकाचा आकडा झाकलेला राहिला, तर छोट्याकडून प्रामाणिक काटकसरीची अपेक्षा फार काळ टिकत नाही.

सुपर कॉरिडॉर यांना माझी विनंती आहे की आपल्या क्षेत्रातल्या लोकांनीच ही मागणी उचलून धरावी. एका प्रश्नामागचे पाच थेंब कंपनी सांगते, पण अशा किती प्रश्नांना ती रोज उत्तरे देते हे त्यासोबत सांगत नाही, आणि चित्रे किंवा चलचित्रे तयार करण्याचा खर्च त्या सरासरीत धरलेला नाही. सांवेरकरांच्या म्हणण्याप्रमाणे सांडपाण्याच्या वाटपात खालच्या गावांचे मत घ्यावे, ही अटही मी माझ्या मागणीत जोडतो. महापालिकेला द्यायच्या निवेदनात तीन बाबी असाव्यात : महिनावार वापर, पाण्याचा स्रोत आणि एप्रिल ते जून या काळातली कमाल मर्यादा.

सुपर कॉरिडॉर

पहिल्या दोन बाबींवर माझी सही धरा. तिसरीला माझा विरोध आहे, कारण रुग्णालये, बँका आणि रेल्वेची आरक्षणे याच केंद्रांवर चालतात आणि मे महिन्यात ती बंद ठेवता येत नाहीत. मर्यादा घालायची असेल तर ती नर्मदेच्या आणि बोअरच्या पाण्यावर घाला, शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर नको.