जुन्या गोव्याचं बॉम जीझस: नीट बघायचं तर काय, कधी, कसं (अनुभव धागा)

मांडवीपार
"ओल्ड गोवा अर्ध्या दिवसात उरकेल ना?" असं आज कोणीतरी ग्रुपवर विचारलं आणि बॉम जीझस बासिलिका या चर्चमध्ये ज्याचा देह आहे त्या संत फ्रान्सिस झेवियरच्या २०१४ च्या शवप्रदर्शनातल्या रांगा आठवल्या. लोक तासन् तास उभे होते, कुरकुर नाही. एरवी मात्र सगळं उरकणंच चालतं. देहाच्या चांदीच्या पेटीकडे मान वर करून बघायचं, फोटो, दहा मिनिटांत बाहेर, की निघाले बागा बीचला. म्हणून धागा काढला. माहीतगारांनी लिहा, पण "मन प्रसन्न झालं" छाप नको. कामाचं लिहा.

सुरुवात करतो. बासिलिकेचं काम १५९४ ला सुरू झालं आणि १६०५ ला ती समर्पित झाली. तिकीट नाही. साध्या दिवशी सकाळी नऊच्या ठोक्याला पोचा, कारण थोड्या वेळाने किनाऱ्याकडच्या सहलीच्या बसेस यायला लागतात आणि मग थडग्यापुढे धक्काबुक्की. रविवारी सकाळी मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) असतात, नुसतं बघायला येणाऱ्यांनी साडेदहाच्या आधी जाऊ नये.

आत शिरल्या शिरल्या उजवीकडे पळू नका. आधी मधोमध उभं राहून मुख्य आल्तार (वेदी) बघा. सोनेरी मुलाम्यातली ती भली मोठी मूर्ती झेवियरची नाही, जेझुइट पंथाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याची आहे. तो मान वर करून आयएचएस या येशूच्या नावाच्या अक्षरांच्या सूर्यबिंबाकडे बघतोय, आणि त्याच्या खाली एवढासा बाळ येशू. चर्च आहे त्या बाळाच्या नावाचं, पण निम्म्या लोकांना तो दिसतच नाही.

पोळपाट
चपला काढायच्या का? सोबत साबा (सासूबाई) आहेत, त्या काढणारच. आणि नारळ-हार नेलेला चालतो का? कुकर लावलाय, पटकन सांगा कोणीतरी.

तिसवाडीकार
चपला नाही काढायच्या. टोपी काढायची. खांदे नि गुडघे झाकलेले हवेत, मग साडी असो की बर्मुडा. बिनबाह्यांचे कपडे असतील तर ओढणी जवळ ठेवा. नारळ-हार नको, थडग्यावर काही वाहायचं नसतं. पैसे द्यायचे तर पेटीत, फेकायचे नाहीत.

मेणबत्ती आत लावत नाहीत. बाहेर त्यासाठी जागा आहे, तिथेच. विकणाऱ्या बायका फाटकापासून मागे लागतात, एकीकडून घेतली की बाकीच्या सोडतात. मेणाचे हात-पाय-डोळे दिसतील, ते नवसाचे. ज्या अवयवाचं दुखणं त्याचा आकार वाहायचा.

फोटोला तशी मनाई नाही, पण फ्लॅश नको आणि आल्ताराकडे पाठ करून पोझ तर अजिबात नको. रखवालदार लगेच शिट्टी मारतो, सगळं चर्च वळून बघतं. 😄

पोळपाट
आभार!! आणि मिस्सा चालू असली तर?

तिसवाडीकार
मागच्या बाकावर बसा, उठणं-बसणं बाकीच्यांचं बघून करा. गुडघे टेकायची सक्ती नाही. शेवटाकडे लोक रांग लावून पुढे जातात आणि पाद्री हातावर पातळ पांढरी चकती देतो. तो आपल्या अर्थाने प्रसाद नव्हे. ती फक्त कॅथलिकांसाठी, बाकीच्यांनी जागेवरच थांबायचं. साबांना हे आधीच सांगून ठेवा. दरवर्षी कोणीतरी भाविक ती रुमालात बांधून घरी न्यायला बघतं आणि तिथे पाद्रीची तारांबळ उडते.

दगडधोंडे
बाहेरून लालबुंद जांभा दिसतो त्याचं सगळ्यांना कौतुक. "किती रस्टिक!" मुळात ती भिंत उघडी ठेवायची नव्हतीच. वर चुन्याचा गिलावा होता, समोरच्या से कॅथेड्रलवर आहे तसा पांढरा. १९५० च्या दशकात पोर्तुगीजांनीच तो खरवडून काढला, इमारत 'जुनी' दिसावी म्हणून. तेव्हापासून दर पावसाळ्यात दगड मार खातोय.

कारण सोपं आहे. जांभा भोकाभोकांचा दगड. लोहाचा सांगाडा, मध्ये माती. पाणी आत मुरतं, माती धुऊन नेतं, भोकं मोठी होतात, त्यात शेवाळ, शेवाळाने आणखी ओल. चुन्याचा थर मार स्वतःवर घेतो, झिजला की पुन्हा लावता येतो. दगड पुन्हा लावता येत नाही. आणि सिमेंट तर मुळीच नको, ते ओल आतच कोंडतं. जूनमध्ये गेलात तर पश्चिमेच्या भिंतीजवळ जाऊन (हात न लावता!) बघा, दगडाचे कोपरे कसे गोल झालेत ते.

रिकामटेकडा
पण लालच छान दिसतं राव. पांढरं केलं तर ओळखणार कोण?

दगडधोंडे
सत्तरेक वर्षांच्या सवयीला परंपरा म्हणायचं ठरलं तर प्रश्नच मिटला.

वसईवाला
दर्शनी भागातले काळे खांब आणि कोरीव पट्ट्या बघितल्या का? तो जांभा नाही, बेसॉल्ट. जांभ्यात बारीक कोरीवकाम टिकत नाही म्हणून हा दगड समुद्रमार्गे आमच्या वसईहून नेला. चार शतकं झाली, कडा अजून धारदार आहेत. शेजारचा जांभा बघा नि हा बघा.

खालून वर चढत जाताना खांबांची तऱ्हा प्रत्येक मजल्यावर बदलते, तेही बघा. आणि समोर घंटेचा मनोरा शोधू नका, तो मागच्या बाजूला आहे.

रिकामटेकडा
म्हणजे वसईने दगडही दिला आणि केळीही 🙏

वसईवाला
केळी गोव्याला नव्हती हो दिली. सुकेळी हा वेगळा धागा, तिकडे या.

कॅमेरावाली
फोटोवाल्यांसाठी: बॉम जीझसचं तोंड पश्चिमेला, से चं पूर्वेला. म्हणून सकाळी आधी से चा दर्शनी भाग आणि दुपारी चारनंतर बासिलिका. उलटं केलं तर दोन्ही सावलीत. से ला एकच मनोरा आहे, दुसरा १७७६ ला कोसळला तो पुन्हा बांधलाच नाही. त्यामुळे फ्रेम एका बाजूला कलते, ते तुमचं चुकत नाहीये.

उशीखाली_वही
थडग्याबद्दल कोणीच लिहिलं नाही अजून, मी लिहिते. मोठं होईल.

दोन वेगळ्या वस्तू आहेत, एकाच काळातल्या नाहीत. वरची चांदीची पेटी गोव्याच्या सोनारांनी १६३६-३७ मध्ये घडवली. तिच्यावर झेवियरच्या आयुष्यातले ३२ प्रसंग आहेत. खालचा रंगीत संगमरवराचा चौथरा इटालियन. टस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोसिमो द मेदिची याची ती भेट, शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोजिनी. झेवियरचं डोकं ज्या उशीवर होतं ती उशी ड्यूकला मिळाली, त्याची ही परतफेड. फ्लॉरेन्समध्ये घडवलेले भाग जहाजाने आले आणि ते जोडायला दोन कारागीरही सोबत आले. १६९८ ला उभं झालं. उशीला थडगं, सौदा वाईट नाही.

बघायचं कसं: पेटी उंचावर आहे, खाली उभं राहून फक्त तिचा कडेचा भाग दिसतो. छोटी दुर्बीण न्या, खरंच. नाहीतर वर बघत मान मोडण्यापेक्षा चौथऱ्याच्या चारी बाजूंचे ब्राँझचे पत्रे बघा, ते नजरेच्या टप्प्यात आहेत. उपदेश, बाप्तिस्मा, मारेकऱ्यांपासून पळणं आणि मृत्यू. मृत्यूचा पत्रा मला सगळ्यात सरस वाटतो. चीनच्या किनाऱ्यालगतच्या सांच्वान बेटावर ३ डिसेंबर १५५२ ला तो गेला. चीनमध्ये पाऊल टाकायचं राहूनच गेलं.

देह तिथे चुन्यात पुरला, मग मलाक्का, मग १५५४ ला गोवा. उजवा हात कोपरापासून १६१४ ला काढून रोमला पाठवला, तो तिथल्या जेझू चर्चमध्ये आहे. त्यामुळे "संपूर्ण देह अबाधित" असं गाइड सांगतो तेव्हा मान डोलवा नि पुढे चला.

आणखी एक. मधल्या दालनात डावीकडच्या भिंतीवर दों जेरोनिमो मास्कारेन्यासचं स्मारक आहे. कोचीचा कप्तान, त्याने मागे ठेवलेल्या पैशांतून हे चर्च झालं. त्याच्या समोर लाकडी कोरीव व्यासपीठ. तिथे कोणी थांबत नाही, निवांत बघता येतं.

घाईत_आहे
एवढं कोण वाचणार. देह कधी बघायला मिळतो ते सांगा ना

उशीखाली_वही
दहा वर्षांनी एकदा खाली उतरवतात. मागचं प्रदर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५. पेटी मिरवणुकीने समोरच्या से मध्ये नेतात, दर्शन तिथे होतं, बासिलिकेत नाही. याच हिशेबाने पुढचं २०३४ ला. बाकीच्या वर्षांत जे दिसतं ते वर लिहिलंय. ते वाचावं लागेल. 🙂

चालतोय_चालतोय
दरवर्षीचं म्हणाल तर ३ डिसेंबरचं फेस्त, म्हणजे संताचा सण. २४ नोव्हेंबरपासून नऊ दिवस नोव्हेना, पहाटेपासून एकामागून एक मिस्सा. सुट्टी आहे म्हणून ३ तारखेलाच जाऊ नका. गोव्यातही त्या दिवशी सुट्टी असते, सगळा गोवा तिथे असतो. नोव्हेनाच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आठवड्याच्या मधला दिवस धरा. फेस्ताच्या दिवशी गाड्या लांबच अडवतात, तिथून चालत. मुख्य मिस्सा बाहेर मांडवात होते, टोपी आणि पाणी हवंच, दहानंतर ऊन टोचतं.

बेळगाव, खानापूर, सावंतवाडीकडून पायी येणारे जत्थे असतात. त्यांच्यात जायचं असेल तर नवे बूट घालू नका, दोन मोज्यांचा थर, आतला पातळ. फोड आला तर फोडू नका, पट्टी लावा. रात्री चालताना पाठीवर चमकणारी पट्टी हवीच, घाटात ट्रकवाल्याला तुम्ही दिसत नाही.

पोळपाट
फेस्ताला खाजं मिळतं ना?? दरवेळी घरी आणेपर्यंत चिकट गोळा होतो

तिसवाडीकार
गरम असताना बांधून घेता म्हणून. बेसनाची कांडी तळून वर गुळाचा पाक, आलं, तीळ. पाक सुकायच्या आत पिशवीत कोंबलं की वाफ धरते आणि गूळ पाणी सोडतो. ताटातलं कालचं, खडखडीत वाजणारं मागा. घरी स्टीलच्या डब्यात, फ्रीजमध्ये नाही. गोव्याच्या खाज्याला जीआय (भौगोलिक मानांकन) आहे बरं का.

घाईत_आहे
रेल्वेने कसं

रूळावरून
करमाळीला उतरायचं, थिवी किंवा मडगावला नाही. कोकणकन्या थांबते. स्टेशनपासून चर्च अडीच-तीन किलोमीटर. पण स्टेशनवर रिक्षा-टॅक्सी मोजक्याच, पहिल्या पाच मिनिटांत संपतात. सामान मोठं असेल तर आधी पणजी, तिथे ठेवून बसने परत. पणजीच्या कदंबा स्टँडवरून साधारण दहा किलोमीटर. फोंड्याच्या बसमध्ये चढण्याआधी "जुन्या गोव्यात आत जाते का" विचारा, बायपासने गेली तर बाहेरच उतरवेल. रायबंदरवरून जाणारी मिळाली तर नदीकडची खिडकी पकडा, तिथला रस्ता ज्या बांधावरून जातो तो १६३३-३४ चा आहे, अजून वाहतूक सोसतोय.

दगडधोंडे
अर्धा तास हातात असेल तर टेकडी चढून सेंट ऑगस्टीनचा मनोरा बघा. ४६ मीटर, अर्धाच उरलाय, जांभा उघडा पडला की पुढे काय होतं त्याचा नमुना. जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष तिथेच सापडले. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेने डीएनए तपासून खात्री केली, २०२१ ला ते जॉर्जियाला दिले. वर सावली नाही, दुपारी बारा ते तीन टाळा.

रिकामटेकडा
आणि तिथलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. शुक्रवार धरून जाणारे बरेच भेटतात.

कॅमेरावाली
संध्याकाळी व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली गेलं की दिवाडची फेरीबोट. पायी माणसाला तिकीट नाही. पलीकडे जाऊन त्याच बोटीने परत, नदीतून सगळी शिखरं एका रांगेत दिसतात.

पोळपाट
साबा म्हणतात बोटीत चपला काढतील 🤦‍♀️ कुकर झाला, येते जाऊन.