विषय: मेलबर्न–सिंगापूर–मुंबई–गोवा सहल: व्हेप (ई-सिगारेट) घरीच ठेवा

नमस्कार मंडळी,
व्हेप चेक-इन बॅगेत चालेल का, असं दोघांनी विचारलंय. नाही चालणार. आत लिथियम बॅटरी असते. होल्डमध्ये, म्हणजे विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात, ती पेटली तर विझवायला कोणी पोहोचत नाही, म्हणून विमान कंपन्या व्हेप हँडबॅगेतच ठेवायला लावतात.
पण मोठी अडचण विमानातून उतरल्यावर आहे. सिंगापुरात 1 फेब्रुवारी 2018 पासून व्हेप जवळ बाळगणंही गुन्हा आहे. भारतात 2019 च्या कायद्याने आयात, विक्री, साठा, जाहिरात सगळं बंद आहे. आयातीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. दोन पॉड (व्हेपला लावायच्या लिक्विडच्या डब्या) असोत की पेटी, आयात ती आयातच.
– सहल समिती

ताई,
भारताच्या कायद्यात ओढण्याला वेगळी शिक्षा नाही, म्हणून ‘गोव्यात उतरून घेऊ’ असं काही जण म्हणतील. कृपया घेऊ नका. बंदीच्या मालावर निकोटिनची मर्यादा तपासणारं कोणीच नसतं. इथे ऑस्ट्रेलियात फार्मसीत प्रिस्क्रिप्शनशिवाय मिळणारं लिक्विड मिलीलिटरला फार तर 20 मिलिग्रॅमचं. ‘5 टक्के’ छापलेला पॉड म्हणजे 50, अडीचपट. चक्कर, मळमळ, धडधड त्यानेच होते. सिंगापुरात तर व्हेपमध्ये एटोमिडेट हे भुलीचं औषध सापडू लागलं आणि 1 सप्टेंबर 2025 पासून ते अमली पदार्थांत धरलं गेलं.
सवय असलेल्यांनी फार्मसिस्टला विचारून निकोटिन पॅच आठवडाभर आधीच सुरू करावा, म्हणजे डोस कमी पडतोय का ते घरीच कळेल. रोज जागा बदलून लावायचा. सिंगापुरात च्युइंग गमवर निर्बंध आहेत, त्यामुळे निकोटिन गमपेक्षा पॅच बरा.
– काका

काका, आभार.
लंडनहून इथे मेलबर्नला येणाऱ्या पाहुण्यांसाठी: स्वतःच्या वापराचे 2 व्हेप, 20 पॉड-कार्ट्रिज आणि 200 मिलीलिटर लिक्विड आणता येतं. वाटेत सिंगापूर असेल तर तेही नको.
बंदी घालणाऱ्या देशांनी ही माहिती तिकिटाबरोबरच द्यायला हवी. कस्टम्ससमोरचा फलक वाचेपर्यंत माल खिशात आलेला असतो. आपल्या नोंदणी अर्जात पासपोर्ट क्रमांकाच्या खालीच ‘व्हेप घरीच ठेवा’ ही ओळ आजपासून घालत आहोत. चुकून व्हेप राहिलाच, तर सिंगापुरात कस्टम्सच्या रेड चॅनलमध्ये (सामान जाहीर करायच्या रांगेत) स्वतःहून सांगा.
– सहल समिती