'प्रत्येक संस्था ही संस्था नसते': मग ऑर्गनायझेशनला म्हणायचं काय?

कानामात्रा
समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाचा अनुवाद चालू आहे. त्यात ऑर्गनायझेशन आणि इन्स्टिट्यूशन यांच्यात कडक भेद केलाय. पहिली म्हणजे ठरावीक उद्दिष्टासाठी माणसांनी मुद्दाम उभी केलेली रचना: कारखाना, इस्पितळ, बँक, पक्ष. दुसरी म्हणजे समाजात मुरलेली नियमांची चौकट: विवाह, कुटुंब, मालमत्ता. विवाहसंस्था, कुटुंबसंस्था, जातिसंस्था हे शब्द इतके रुळलेत की दुसरीसाठी 'संस्था' सोडता येत नाही. पण सहकारी संस्था, शिक्षणसंस्था, पतसंस्था या सगळ्या पहिल्या प्रकारातल्या! 'प्रत्येक ऑर्गनायझेशन ही इन्स्टिट्यूशन नसते' याचं मराठी होतं 'प्रत्येक संस्था ही संस्था नसते'. पहिल्या मसुद्यात 'संघटना' वापरलं, तर इस्पितळाला संघटना कसं म्हणता, अशी संपादकांची हरकत आली. काही सुचतंय का?

पडताळा
हरकत रास्त आहे. मराठीत 'संघटना' म्हटलं की सभासद आले, वर्गणी आली, मागण्यांचं निवेदन आलं. कंपनीच्या पुस्तिकेत 'संघटनेच्या नियमांनुसार रजा मिळेल' असं छापलं तर कामगार ते युनियनचे नियम समजतो. तिथे सरळ 'कंपनी' लिहावं.
रूढ नावांवरून नियम काढायलाही जाऊ नका. जागतिक आरोग्य संघटना, जागतिक व्यापार संघटना, पण इस्रो मात्र भारतीय अंतराळ संशोधन संस्था. इंग्रजीत तिन्हीकडे ऑर्गनायझेशनच आहे.

धातुपाठ
'संघटन' घ्या. सम् + घट्, म्हणजे जोडणं, जुळवून आणणं. माणसांनी मुद्दाम जुळवलेली रचना हाच तुमचा अर्थ आहे. 'संस्था' मुळात सम् + स्था. संस्कृतात तिचा एक अर्थ समाप्ती, आणि 'संस्थित' म्हणजे चक्क मृत. सात सोमसंस्था म्हणतात त्या सोमयागाच्या ठरीव विधींना, अग्निष्टोम वगैरे. म्हणजे ठरून गेलेलं, पक्कं झालेलं, ते संस्था. विवाहसंस्था त्या अर्थाला धरून आहे, पतसंस्था नाही.

पडताळा
वाणिज्याच्या पुस्तकांत 'नियोजन, संघटन, निर्देशन, नियंत्रण' ही व्यवस्थापनाची कार्यं म्हणून वर्षानुवर्षं शिकवली जातात. तिथे संघटन ही क्रिया आहे. बारावी वाणिज्य झालेला विद्यार्थी तुमचं 'एक संघटन' वाचून अडखळेल. शिवाय नामाच्या अर्थाने ते हिंदी 'संगठन'सारखं कानाला लागतं.

धातुपाठ
हिंदीत एखादा शब्द आहे म्हणून आपण आपला सोडायचा, हे पटत नाही. संघटन हा तत्सम शब्द आहे, दोन्ही भाषांचा.

सहीशिक्का
कायद्यात 'संस्था' एकच नाही, हेही लक्षात असू द्या. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली किमान ७ जण लागतात, सोबत ज्ञापन (मेमोरँडम) आणि नियमावली. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात सर्वसाधारण नियम किमान १० व्यक्तींचा, त्याही वेगवेगळ्या कुटुंबांतल्या, आणि नियमावलीच्या जागी उपविधी (बायलॉज). पहिलीत कार्यकारी मंडळ, दुसरीत संचालक मंडळ किंवा व्यवस्थापक समिती. महाराष्ट्रात १८६० ची संस्था बहुधा १९५० च्या कायद्याखाली सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते, म्हणून तीच माणसं एका कागदावर कार्यकारिणी आणि दुसऱ्यावर विश्वस्त. अनुवादक सरसकट 'संस्थेचे संचालक' लिहितात आणि वाचणारा चुकीच्या कायद्यात शिरतो.
पदाधिकारी बदलले की १९५० च्या त्या कायद्याच्या कलम २२ खाली ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. तो राहिला की शेड्यूल वनवर, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, जुनीच नावं दिसत राहतात, आणि नव्या अध्यक्षांची सही चालवून घ्यायला बँक तयार होत नाही.

ओसरी
तुम्ही सगळे 'संस्था' आणि 'संघटना' या दोनच शब्दांत अडकलात. एकोणिसाव्या शतकातली नावं बघा. प्रार्थना समाज १८६७, सत्यशोधक समाज १८७३, आर्य समाज १८७५. इथे 'समाज' म्हणजेच ऑर्गनायझेशन! गोखल्यांच्या सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीचं (१९०५) मराठी नावही भारत सेवक समाज. 'समाजाने समाज घडवला' हे वाक्य त्या काळी अर्थपूर्ण ठरलं असतं.
पुढे अदलाबदल झाली. 'समाज' वर सरकून सगळ्या लोकांसाठी वापरात आला, आणि बोलण्यात जातीसाठी: 'आमच्या समाजाचा मेळावा'. 'सोसायटी' हा इंग्रजी शब्द खाली उतरून इमारतीची सोसायटी झाला, आणि गावात पीककर्ज देणारी विकास सोसायटी. आजचा विद्यार्थी 'सत्यशोधक समाज' वाचतो तेव्हा त्याला सभासद असलेली, नियम असलेली रचना दिसत नाही, एखादा समुदाय दिसतो. ही फार मोठी गळती आहे, आणि पाठ्यपुस्तकात एक तळटीप टाकून ती थांबवता येते.
'सभा'चंही तेच. पुणे सार्वजनिक सभा (१८७०) ही कायमची रचना होती. सभासद व्हायचं तर किमान ५० जणांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. म्हणजे निवडणुका नसलेल्या काळात एका संघटनेने प्रतिनिधित्व ही गोष्ट लोकांच्या हाती दिली. आज सभा संध्याकाळी सहाला सुरू होते आणि आठला संपते.

पडताळा
विठ्ठल रामजी शिंदे यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनचं (१९०६) मराठी नाव 'भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी'. नाटक मंडळी तर होत्याच. आणि १९२४ साली बाबासाहेबांची बहिष्कृत हितकारिणी सभा.

धातुपाठ
बाबासाहेबांचं नाव निघालं म्हणून सांगतो. १९४२ च्या नागपूरच्या भाषणात क्रम 'एज्युकेट, ॲजिटेट, ऑर्गनाइज' असा आहे. मराठीत रूढ झालं 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. ऑर्गनाइजला 'संघटित व्हा' हेच क्रियापद मिळालं. 'संस्थित व्हा' कोणी म्हणणार नाही. माझ्या 'संघटन'ला याहून मोठा आधार कोणता?

ओसरी
त्यातून 'संघटना' सिद्ध होते, 'संघटन' नाही. आणि क्रम बदलला तसा अर्थही बदलला. मूळ क्रमात आधी मनं ढवळून निघायची, मग माणसं एकत्र यायची. मराठी क्रमात आधी संघटना, मग लढा. ॲजिटेटचं भाषांतर 'संघर्ष' हेच मुळात तपासायला हवं.

धातुपाठ
घोषणेला लय लागते. लोकांनी तो क्रम स्वीकारला, तोच मराठी क्रम.

पडताळा
'संघटन'च्या बाबतीत मात्र लोकांनी काय स्वीकारलं ते तुम्ही पाहत नाही आहात.

सहीशिक्का
मूळ प्रश्नाला उपयोगी पडेल असं एक उदाहरण. बचत गटात १० ते २० सभासद असतात. २० च का? १९५६ च्या कंपनी कायद्यानुसार नफ्यासाठी एकत्र आलेल्या २० हून अधिक जणांना नोंदणी करणं भाग होतं. गट बिननोंदणीचा ठेवायचा, म्हणून आकडा २० च्या आत. एकविसावी बाई आली की दुसरा गट काढायचा. २०१३ च्या कायद्याखालच्या नियमांनी ही मर्यादा ५० वर नेली, पण गट अजून विसांचेच निघतात, कारण बँकांचे निकष, प्रशिक्षण, हिशेबाच्या वह्या सगळं त्याच आकड्यावर बेतलंय. इथे गट ही ऑर्गनायझेशन, आणि कारण सरूनही टिकलेला विसाचा दंडक ही इन्स्टिट्यूशन. भेद समजावायला विवाहापेक्षा हे उदाहरण बरं.

कानामात्रा
उदाहरण उचलतो, आभार. पण शब्द? कारखाना, इस्पितळ, बँक तिन्हींना चालेल असा. 'आस्थापना' कसा वाटतो? दुकाने व आस्थापना अधिनियमात आहेच.

सहीशिक्का
सरकारी कार्यालयात आस्थापना शाखा म्हणजे नेमणुका, रजा, सेवाज्येष्ठता, पेन्शन बघणारी शाखा. महापालिकेच्या अंदाजपत्रकात आस्थापना खर्च म्हणजे पगार. शिवाय राजकीय पक्षाला आस्थापना म्हणता येणार नाही.

ओसरी
'मंडळी'बद्दल राहिलंच. आज मंडळी म्हणजे नुसती माणसं, पण 'मंडळी जेवायला बसली' असं क्रियापद अजून स्त्रीलिंगी एकवचनीच लागतं, 'बसल्या' होत नाही. 'आणि मंडळी' असं कंपनीच्या अर्थाने पेढ्यांच्या नावात लिहीत, ते कधी थांबलं? जुन्या जाहिराती चाळलेल्या कोणी आहे का इथे?