मदत हवी आहे: ४२ डेटा पॉइंटच्या सर्टिफिकेशन रिपोर्टवर विश्वास ठेवू का?

नमस्कार मंडळी. निपाणीत आमच्या सौहार्द सोसायटीचं नवं दुमजली ऑफिस झालंय. कॉम्प्युटरचं बघणारा मी एकटाच, तोही मूळचा अकाउंट्सचा. कॅट सिक्स या नेटवर्क वायरचे ४२ पॉइंट टाकून घेतले. कॉन्ट्रॅक्टरचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बिलातला शेवटचा हप्ता 'टेस्टिंग व सर्टिफिकेशन' या एका ओळीवर थांबलाय, आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये चेअरमन साहेब मलाच विचारणार, चेक काढायचा का म्हणून. पैसा सभासदांचा आहे, त्यामुळे झोप उडालीय.

आधी त्यांच्या पोरानं आठ दिव्यांच्या टेस्टरनं सगळं तपासलं. १ ते ८ हिरवे ओळीनं लागले. "झालं बघा टेस्टिंग." मी म्हटलं, वर्क ऑर्डरमध्ये रिपोर्ट लिहिलाय, तो द्या की. आठवड्यानं पीडीएफ आली. फ्लूक कंपनीच्या डीएसएक्स या टेस्टिंग मशीनची, ४२ पानं, प्रत्येक पानावर पास. बरं वाटलं.

रात्री घरी एकेक पान वाचायला घेतलं. प्रत्येक पॉइंटची लांबी २७ मीटर, फरक असलाच तर दहा-वीस सेंटिमीटरचा. आमचा कॅश काउंटर सगळ्या वायरी येतात त्या रॅकपासून जेमतेम आठ मीटरवर आहे आणि वरच्या मीटिंग रूमपर्यंत चाळीस तरी होतात. वेळ बघितली, पहिली टेस्ट ११:०२ ची, शेवटची ११:२५ ची. रिमोट, म्हणजे मशीनचा दुसऱ्या टोकाला लावायचा भाग, घेऊन दोन मजले फिरायचे तर २३ मिनिटांत ४२ पॉइंट होतील? मग बिल काढलं. ३०५ मीटरचे सहा बॉक्स लावलेत, म्हणजे १८३० मीटर. रिपोर्टमधल्या लांब्यांची बेरीज साधारण ११३४. सातशे मीटर वायर तुकड्यांत वाया जात नाही.

शिवाय कॅश काउंटरचे दोन पीसी १ जीबीपीएसऐवजी १०० एमबीपीएसवरच जोडले जातात. रिपोर्टवर लिमिटच्या जागी 'चॅनल' लिहिलंय, त्याचाही अर्थ कळला नाही. मी काय मागू त्यांच्याकडे?

उद्यमबागकर:
काका, तुमची शंका बरोबर आहे. एकच लिंक जोडून ठेवायची, लेबल बदलत बटण दाबत राहायचं, असं झालेलं दिसतंय. मशीनला एका टेस्टला दहा-बारा सेकंद लागतात, पण जिना चढायला लागतात त्या मिनिटांचं काय?

पीडीएफवर थांबू नका, मूळ एफएलडब्ल्यू फाइल मागा. ती लिंकवेअर नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते. मशीनचा सीरियल नंबर आणि कॅलिब्रेशनची तारीख बघा. कॅलिब्रेशन दरवर्षी करून घ्यायचं असतं. आणि टेस्ट 'पर्मनंट लिंक'ची मागा. रॅकमधल्या पॅच पॅनलपासून भिंतीतल्या आयओपर्यंत (सॉकेटपर्यंत), ९० मीटरच्या आत. चॅनल म्हणजे दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (जोडायच्या छोट्या वायरी) धरून १०० मीटर, त्याची लिमिट सैल असते. कॉर्ड उद्या बदलतील, भिंतीतली वायर बदलणार नाही.

हिरव्या दिव्यांचं म्हणाल तर तो टेस्टर फक्त तार इकडून तिकडं पोचली का एवढंच सांगतो. वायरीत आठ तारा पीळ दिलेल्या चार जोड्यांत असतात; एका जोडीतली तार दुसऱ्या जोडीत गेली तरी त्याला कळत नाही, त्याला स्प्लिट पेअर म्हणतात. सर्टिफायर, म्हणजे डीएसएक्ससारखं मशीन, २५० मेगाहर्ट्झपर्यंत एका जोडीचा सिग्नल दुसरीत किती शिरतो ते मोजतो, तिथं ती लगेच फेल होते. जॅकजवळ पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त सोडला तरी हाच आकडा घसरतो. तुमच्या पॅच कॉर्ड जागेवर क्रिम्प केल्यात का, म्हणजे हातानं कनेक्टर दाबून बनवल्यात का? काउंटरवर आधी कंपनीची तयार कॉर्ड लावून बघा.

एक उरलेला तुकडा घेऊन तार ब्लेडनं खरवडा. आत पांढरी निघाली तर ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा आहे. मग रिपोर्ट कसाही असो, ती वायर कॅट सिक्समध्ये बसतच नाही.

धागाकर्ता:
खरवडून बघितली, आतपर्यंत लाल तांबं आहे. जीव भांड्यात पडला. काउंटरवर तयार कॉर्ड लावली आणि दोन्ही पीसी लगेच १ जीबीपीएसवर आले. जुनीचा कनेक्टर भिंगाखाली धरला तर हिरवी जोडी ३ आणि ४ नंबरच्या पिनवर, दोन्ही टोकांना तशीच. ती ३ आणि ६ वर हवी ना?

उद्यमबागकर:
हो, ३ आणि ६ वर. निळी जोडी मधे ४-५ वर. त्या पोरानं केलेल्या सगळ्याच कॉर्ड बदलून मागा. आणि फेरटेस्टचे पॉइंट त्यांना निवडू देऊ नका. एक सगळ्यात जवळचा, एक सगळ्यात लांबचा आधी घ्या. लांबी तुमच्या टेपशी साधारण जुळली की बाकीचे ४०.

धागाकर्ता:
फोन केला. फाइल मागितल्यावर दोन मिनिटं कोणी बोललंच नाही. गुरुवारी मशीन घेऊन येतो म्हणालेत, रिमोटबरोबर मी स्वतः फिरणार आहे. चेक तोवर कपाटात. तरीही दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची वेळ आली, तर बेळगाव किंवा कोल्हापूरकडं सर्टिफायर दिवसाच्या भाड्यानं मिळतो का? कुणाला अनुभव असेल तर भाडं आणि ऑपरेटर सोबत येतो का, तेवढं लिहा.