मदत हवी आहे: कसबा बावड्यातून सायकलीसाठी शांत रस्ता मोबाइलवर कसा शोधायचा?

बावड्याची_सायकल
नमस्कार मंडळी. कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून सकाळी 6 ते 8 या वेळेत होईल अशी 20-25 किमीची फेरी हवी आहे. सोबत आई आहे, वय 54, सायकल नव्यानेच सुरू केलीय. दोन्ही सायकली गिअरच्या, टायर 35 मिमी. मोठ्या गाड्या नकोत आणि घाट नको, एवढंच. मोबाइलमधलं नकाशाचं अ‍ॅप एकतर राजाराम बंधाऱ्यावर घालतं नाहीतर सरळ रत्नागिरी महामार्गावर. दुचाकीचं चिन्ह निवडूनही फरक पडत नाही. कोणतं अ‍ॅप घेऊ आणि त्यात नेमकं काय करू?

पाणंदवाट
ताई, गुगल मॅप्समधलं ते दुचाकीचं चिन्ह मोटारसायकलचं आहे, पायडलच्या सायकलचं नाही. त्यामुळे ते लवकर पोहोचवणारा रस्ता शोधतं, शांत रस्ता नाही. आणखी एक गैरसमज आधी काढून टाका. ट्रॅफिकची हिरवी रेघ म्हणजे रस्ता मोकळा असं नाही, गाड्या न अडकता पळताहेत एवढंच तिचं सांगणं. सायकलवाल्याला तीच रेघ जास्त धोक्याची.

तुमच्या कामाला ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावर, चालणारी साधनं घ्या. घरी संगणकावर बीराउटर वेब ही रस्ता आखायची वेबसाइट उघडा, मोबाइलच्या ब्राउझरमध्येही चालतं. प्रोफाइल ‘ट्रेकिंग’ ठेवा, नाव तसं असलं तरी ते सायकलचंच आहे. सुरुवात आणि शेवट असे दोनच ठिपके टाकून मोकळं होऊ नका. ज्या गावातून जायचं त्या प्रत्येक गावात एक ठिपका टाका, नाहीतर ते स्वतःच्या मनाने वाट काढतं. मग ‘अ‍ॅनालिसिस’ टॅब बघा. कोणत्या दर्जाचा रस्ता किती आणि डांबरी किती, याचे आकडे तिथे मिळतात. ‘ट्रंक’ आणि ‘प्रायमरी’ म्हणजे मोठे, वर्दळीचे रस्ते, ते जितके कमी तितकं बरं. ‘टर्शरी’ आणि ‘अनक्लासिफाइड’ हे गावागावांना जोडणारे रस्ते, तेच आपल्याला हवेत. ‘ट्रॅक’ म्हणजे बहुतेक वेळा पाणंद, शेतातली कच्ची वाट. काळ्या मातीच्या पाणंदीत एक पाऊस झाला की चिखल मडगार्डमध्ये गच्च बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. 35 मिमी टायर असला तरी तिथे इलाज नाही.

खाली चढाचा आलेखही असतो. 100 मीटर पुढे गेल्यावर 5 मीटर वर गेलात तर तो 5 टक्के चढ. आईंसाठी 3 टक्क्यांच्या आतला रस्ता निवडा, मधे एखादा छोटा 5 टक्क्यांचा तुकडा चालेल.

रस्ता पसंत पडला की त्याची जीपीएक्स फाइल (आखलेल्या रेघेची फाइल) उतरवा आणि मोबाइलवर ऑस्मअँड किंवा ऑर्गॅनिक मॅप्स या नकाशाच्या अ‍ॅपमध्ये उघडा. महाराष्ट्राचा नकाशा घरच्या वायफायवर आधीच घेऊन ठेवा, वाटेत नेटची गरज उरत नाही. ऑस्मअँडमध्ये नेव्हिगेशनमधून ‘ट्रॅक फॉलो’ निवडा आणि ‘रस्त्याला जोडा’ हा पर्याय बंद ठेवा. तो चालू राहिला तर अ‍ॅप तुमची रेघ स्वतःच्या हिशेबाने बदलतं, मग घरी केलेली सगळी मेहनत वाया.

तांबडी_माती
वरचं सगळं बरोबर हाय, पण ताई, बंधाऱ्याचं कुणीच बोललं न्हाई. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा नकाशात साध्या पुलागत दिसतोय. अ‍ॅपला काय कळतंय, बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) कधी काढले आन् पाणी कधी वरनं वाहायला लागलं? पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट, पण बंधारे त्याच्या लई आधी पाण्याखाली जात्यात. म्हणून ‘अजून इशारा न्हाई’ म्हणून बंधाऱ्याकडं वळायचं न्हाई. जून ते सप्टेंबर बंधारा वाटेतनं काढूनच टाका. बीराउटरमधी ‘नो-गो’, म्हंजे ‘इकडनं जायचं न्हाई’ आसा गोल काढता येतोय, तो बंधाऱ्यावर काढा, वाट आपोआप दुसरीकडनं येती. कोरड्या दिवसांत जायचं आसंल तर उतरून, सायकल हातात धरून.

आन् ऊस. नोव्हेंबर ते मार्च गळीत हंगाम. दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर, बाजूला ऊस बाहेर आलेला, मागं दिवा असंलच आसं न्हाई. साखर कारखाने म्हंजे बावड्यात राजाराम, कुडित्र्यात कुंभी-कासारी, परित्यात भोगावती. आधी नकाशावर कारखाने शोधा, मग कारखान्याकडं जाणारा रस्ता कुठला ते बघा. तो रस्ता एरवी गप्प आसतोय, हंगामात न्हाई. जानेवारीत उजाडायलाच सातच्या आसपास होतंय, तवा 6 ला अंधारात त्या रस्त्यावर आईला न्यायचं न्हाई.

चढ_उतार
स्ट्राव्हा या सायकलस्वारांच्या अ‍ॅपचा हीटमॅप (लोक जास्त जातात ते रस्ते ठळक दाखवणारा नकाशा) बघून रस्ता ठरवणार असाल तर जरा थांबा. पन्हाळ्याचा रस्ता तिथे ठळक दिसतो, कारण सराव करणारे सायकलस्वार चढासाठी तिकडे जातात. म्हणजे जास्त सायकली जातात एवढंच कळतं, गाड्या कमी आहेत की नाही ते कळत नाही. नवशिक्याला तो नकाशा चुकीच्या रस्त्याला लावू शकतो. मला हीटमॅपचा उपयोग एकाच कामासाठी वाटतो. ओपनस्ट्रीटमॅपवर रेघ आहे पण हीटमॅपवर काहीच नाही, तर ती वाट खरंच चालू आहे का हे तपासायचं.

तुमच्यासाठी एक वाट आखून बघा: बावडा, शियेचा पूल, शिये, भुये, निगवे दुमाला आणि त्याच वाटेने परत. गोल फेरी हवी असेल तर निगव्यातून वडणगे, पण वडणगे फाटा ते शिवाजी पूल हा तुकडा रत्नागिरी महामार्गाचाच आहे, तो चुकत नाही. म्हणून माझं मत माघारी येण्याच्याच बाजूने. अंतर कमी पडलं तर निगव्यापासून कुशिऱ्याकडे वाढवा आणि आलेखात चढ वाढायला लागतो तिथून फिरा, पुढे जोतिबाचा डोंगर येतो. रविवारी आणि पौर्णिमेला जोतिबाला जाणाऱ्या गाड्या असतात, तेव्हा शनिवार बरा.

बावड्याची_सायकल
खूप आभार. आखून बघितलं, बराचसा रस्ता ‘टर्शरी’ येतोय. पण एका तुकड्यावर पृष्ठभागाची माहितीच नाही. आणि मोबाइल हँडलला लावू की खिशात ठेवू?

पाणंदवाट
माहिती नाही म्हणजे कुणी भरलेली नाही, रस्ता कच्चाच असेल असं नव्हे. सॅटेलाइट दृश्य लावून तुकडा मोठा करून बघा. डांबरी रस्ता एकसारखा करडा आणि कडा सरळ असतात. पाणंद तपकिरी, मधे गवताची पट्टी आणि दोन बाजूंना चाकोऱ्या. आणि बाजूला पांढरट, पायऱ्यापायऱ्यांचा मोठा खड्डा दिसला तर ती खडीची खाण. तिथून डंपर निघणार, त्या रस्त्याची वेळ बदला नाहीतर रस्ता बदला.

मोबाइल खिशात, स्क्रीन बंद, आवाजी सूचना चालू. बॅटरी जीपीएसपेक्षा स्क्रीनच जास्त खाते. इअरफोन मात्र नको, मागून येणारी गाडी कानालाच आधी कळते. वळणांवर खात्री नसेल तर आदल्या रात्री वळणांची यादी कागदावर लिहून आईंकडे द्या: ‘पूल संपला, डावीकडे’ अशी.

तांबडी_माती
आन् एक काम करा ताई. फेरी झाल्यावर ओपनस्ट्रीटमॅपवर त्या तुकड्याची नोट टाका. डांबरी का कच्चा, कुठल्या महिन्यात बघितला आन् बंधारा आसंल तर त्याचं नाव. महिना लिहायला इसरू नका, आपल्याकडं जूनचा रस्ता आन् जानेवारीचा रस्ता एक नसतोय.