क्लबहाऊसचा टीव्ही: पीओपी बंद व्हायच्या आत वायर ठरवा

बुधवार

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी 🙏 क्लबहाऊसच्या छताचं पीओपी शनिवारी बंद होणार. डीटीएचचा डबा ऑफिसच्या कपाटात, टीव्ही हॉलच्या पलीकडच्या भिंतीवर, मध्ये १४ मीटर. सध्या तीच तीन रंगांची एव्ही वायर आहे. बदलायची का, आणि कोणती टाकायची ते उद्या रात्रीपर्यंत सांगा. नंतर कोणासाठीही छत फोडलं जाणार नाही.

ए-२०३: एचडीएमआय टाका, एचडी चित्र आणि आवाज एकाच वायरीतून, विषय संपला. मी दुकानात विचारूनच आलो. २.१ व्हर्जन, ८के, सोन्याचा मुलामा, १५ मीटर, ६,५०० रुपये.

नाना, बी-३०२: वायरीला साडेसहा हजार? एव्ही वायर ११ वर्षं चालली. चित्र दिसतंय की चांगलं.

सी-५०१: नाना, दिसतं, पण स्कोअर वाचता येत नाही. ६ आहे की ८ ते कॉमेंटरीवरून कळतं 😀

मुग्धा, ए-६०४: नानांची वायर ठणठणीत आहे, पण चित्राच्या पिवळ्या पिनेतून ५७६ ओळींचंच जुनं चित्र जातं. एचडी चॅनल १०८० ओळींचा. म्हणजे आपण पैसे एचडी पॅकचे भरतोय आणि त्या एका पिनेसाठी डबा चित्र उतरवून पाठवतोय. एचडीएमआय हवीच. २.१ मात्र नको. डीटीएचचा एचडी चॅनल २००२ मध्ये आलेल्या पहिल्या एचडीएमआयमध्येसुद्धा आरामात बसतो. २.१ ची ४८ गिगाबिटची वायर गेम खेळणाऱ्यांसाठी.

ए-२०३: मग साधी १५ मीटरची घेऊ. हजाराच्या आत मिळेल.

मुग्धा, ए-६०४: दादा, १४ मीटर हे सरळ अंतर झालं. छतातून वळणं घेत जाताना १८ होईल. साधी तांब्याची एचडीएमआय एवढ्या लांब भरवशाची नसते. आधी चित्रात पांढरे ठिपके चमकतात, मग ऐन वेळी पडदा काळा. आणि छतात पाइप किती इंची आहे?

सेक्रेटरी: वायरमनला विचारलं. पाऊण इंची.

मुग्धा, ए-६०४: मग एचडीएमआयचं डोकं पहिल्याच वळणावर अडकेल. मोबाइलच्या चार्जरसारखं ते कापून परत जोडताही येत नाही, आत १९ पिना असतात. ऑप्टिकल, म्हणजे काचेच्या तंतूची, एचडीएमआय लांब जाते, पण तिलाही डोकं आहेच. शिवाय ती एकाच दिशेने चालते. एक टोक डब्याचं, एक टीव्हीचं. वायरमनने उलटी ओढली की संपलं.

डी-४०१: 🌹 सुप्रभात. सुंदर विचारांची माणसं 🌹

सेक्रेटरी: काकू, रात्रीचे साडेनऊ वाजलेत.

नाना, बी-३०२: म्हणजे फिरून एव्हीच ना? मी काय म्हणत होतो!

मुग्धा, ए-६०४: नाना, उलटं करून बघू. चित्र टीव्हीपर्यंत न्यायचंच कशाला? डबाच टीव्हीखाली नेऊ. गच्चीवरच्या छत्रीतून येणारी काळी आरजी-६ वायर आत्ता ऑफिसपर्यंत येते, तीच पुढे न्यायची. साधारण सात मिलिमीटर जाडीची आहे, पाऊण इंचीतून सुळकन जाईल. आणि तिच्या टोकाची पिळून बसवायची एफ पिन वायर ओढून झाल्यावर जागेवर बसवतात. डब्यापासून टीव्हीपर्यंत मग दीड मीटरची साधी एचडीएमआय, उद्या व्हर्जन बदललं तर हाताने काढून दुसरी लावा. छत्रीची वायर मात्र सिग्नल पाठवायची पद्धत डीव्हीबी-एस जाऊन डीव्हीबी-एस२ आली, चित्र दाबून बसवायची पद्धत एमपेग-२ जाऊन एमपेग-४ आली, तरी तीच राहिली. छतात गाडायची तर ती गाडा.

सी-५०१: आयडिया भारी आहे 👏

सेक्रेटरी: पण डबा ऑफिसात ठेवला तो कशासाठी, आठवतंय ना? बाहेर होता तेव्हा डब्यातलं व्ह्यूइंग कार्ड (ज्यावर चॅनल उघडतात ते) चोरीला गेलं आणि रिमोट दोनदा गेला.

मुग्धा, ए-६०४: टीव्हीखाली छोटी कुलपाची पेटी, दार पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचं. रिमोटचा किरण त्यातून जातो. मागून हवेला भोकं ठेवा, डबा तापतो.

बी-१०३: त्याच वायरीला स्प्लिटर लावून वॉचमनच्या केबिनलाही एक डबा देता येईल का?

मुग्धा, ए-६०४: केबलवाल्याच्या स्प्लिटरने नाही जमणार. डबा त्याच वायरीतून वर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, १३ किंवा १८ व्होल्ट पाठवतो, त्यावरून एलएनबी उभी लहर घ्यायची की आडवी ते ठरवते. दोन डबे एका वायरीवर दोन वेगवेगळे हुकूम सोडणार. केबिनला एलएनबीच्या दुसऱ्या तोंडातून वेगळी वायर लागेल.

डी-१०२: मुग्धा, एक विचारू? गेल्या गणपतीत मी ऑफिसातला जुना प्रोजेक्टर आणला होता. लॅपटॉप लावला तर चालला, डबा लावला तर काळं. कनव्हर्टर खराब समजून मी दोन नवीन आणले.

मुग्धा, ए-६०४: त्याला मागे रुंद पांढरं डीव्हीआय सॉकेट होतं ना, कॉम्प्युटरच्या चित्राचं जुनं? कनव्हर्टर तिन्ही चांगलेच असणार 😅 डीव्हीआय १९९९ चं. त्याची आणि एचडीएमआयची चित्राची भाषा एकच, म्हणून पिन बदलली की चालतं. पण डबा एचडी चित्र सोडण्याआधी समोरच्याकडे किल्ली मागतो, तिला एचडीसीपी म्हणतात. जुन्या प्रोजेक्टरकडे ती नसते, मग डबा चित्रच देत नाही. लॅपटॉपवर आपण आपले फोटो दाखवत होतो, त्यांना कसली किल्ली? आणि तसल्या डीव्हीआयमधून आवाज नाहीच. नवीन घेताना एचडीएमआय आहे का एवढंच विचारू नका, एचडीसीपी आहे का तेही विचारा.

नाना, बी-३०२: पैसे आपण भरायचे आणि कुलपंही आपल्यालाच! वर कंपनी बदलली की डबा अडगळीत. मोबाइलचं सिम बदलतो तसं का नाही करत?

पाटील सर, सी-२०४: नाना, ट्रायने, म्हणजे फोन-टीव्ही कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, नेमकी तीच शिफारस एप्रिल २०२० मध्ये केली होती. प्रत्येक डब्याला आणि टीव्हीला डीव्हीबी सीआय प्लस २.० या मानकाचं यूएसबी तोंड, आणि कंपनीचं कुलूप वेगळ्या छोट्या मॉड्यूलमध्ये. कंपनी बदलली की मॉड्यूल बदला. शिफारस ती शिफारसच, तुमच्या-माझ्या घरी डबा आहे तसाच आहे. मानक ब्युरोचं आयएस १८११२:२०२२ असंही एक आलंय, टीव्हीतच सॅटेलाइट ट्यूनर. त्यात छत्रीची वायर थेट टीव्हीला जाते, पण फुकटचे चॅनल तेवढे दिसणार.

नाना, बी-३०२: आमच्या घरात दूरदर्शनची फ्री डिशच बरी, असं सुनेला सांगून बघतो.

सेक्रेटरी: सर्वांनी विषयावर या 🙏 मुग्धाचा पर्याय घेतोय. कोणाची हरकत?

नाना, बी-३०२: हरकत नाही. पण ११ वर्षांची वायर कचऱ्यात?

मुग्धा, ए-६०४: नाही नाना, तुमची वायर राहणार आहे. माइकचा अ‍ॅम्प्लिफायर ऑफिसातच आहे ना? डबा टीव्हीखाली गेला की लाल-पांढऱ्या पिनांतून आवाज त्याच वायरीने उलटा ऑफिसात आणू. थोडी घरघर येईल कदाचित, आरतीच्या आवाजात कळणार नाही. पिवळी नुसती पडून राहील.

नाना, बी-३०२: 👍

शनिवार

सेक्रेटरी: वायर ओढून झाली. टीव्हीवर “नो सिग्नल”. पीओपीवाला शिडीवर उभा आहे, तासाचे पैसे लावीन म्हणतो. मुग्धा कुठे आहेस?

मुग्धा, ए-६०४: लिफ्टमध्ये. डबा आधी प्लगमधून काढा, मगच पिनेला हात लावा. टीव्हीकडची एफ पिन उघडून आत बघा. बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तांब्याच्या तारेला टेकलाय का?

सी-५०१: टेकलाय. केसासारखाच आहे, चष्मा लावून दिसला.

मुग्धा, ए-६०४: तो कापा. जाळी पूर्ण मागे वळवा, मधली तार पिनेच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटरच ठेवा, मग पिन घट्ट पिळा. आता डबा चालू करा.

सी-५०१: आलं! सिग्नलची गुणवत्ता ८२ दाखवतोय. स्कोअर वाचता येतोय, १४३ वर ६.

सेक्रेटरी: पीओपीवाल्याला बंद करायला सांगितलं. आरजी-६, दोन एफ पिना, एचडीएमआय, पेटी आणि मजुरी मिळून २,३४० रुपये, बिल ऑफिसात आहे. पेटीची एक किल्ली माझ्याकडे, दुसरी नानांकडे.