मदत हवी आहे : स्ट्रोकच्या पेशंटला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लवकर कसं देता?

कोल्हापुरात आमच्या इमर्जन्सीत दारापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ ६० मिनिटांच्या आत आणायचाय. गगनबावडा, राधानगरीकडून पेशंट येईपर्यंत, लक्षणं सुरू झाल्यापासून इंजेक्शन देण्यासाठी जे साडेचार तास असतात, त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. सीटी लगेच होतो, अडतं पुढे. रक्ताच्या सगळ्या रिपोर्टसाठी थांबतात. खरं तर रक्त पातळ करणारी गोळी चालू नसेल आणि रक्तस्रावाचा आजार नसेल, तर आधी शुगर पुरते. बीपी १८५/११०च्या खाली आणायला उशिरा सुरुवात होते. आणि नातेवाईक औषधासाठी मेडिकलच्या रांगेत!

टेनेक्टेप्लेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन (०.२५ मिग्रॅ प्रतिकिलो, कमाल २५ मिग्रॅ) सीटी रूममध्येच ठेवून तिथेच देणारं कुणी आहे का? पैसे नंतर घ्यायला व्यवस्थापन कसं तयार झालं? ‘पेशंटला शेवटचं नीट कधी पाहिलं’ ही वेळ १०८ वाल्यांकडून फोनवरच कशी घेता?